वजावट

कर्जखात्याचं पत्र फोनवर आलं तेव्हा मी
तोरलाईफच्या डाव्या कानातला मळ काढत होते.
खिशात थरथर झाली. म्हटलं, नंतर बघू.
ऐंशीच्या घरातला माणूस, चाळीस वर्षं
डिझेल इंजिनाच्या डोक्यावर झोपलेला.
त्याच्या कानातून आधी समुद्र उपसावा लागतो,
मग कुठे माझा आवाज आत शिरतो.

सात वर्षांपूर्वी इथे, वार्डोला, मी आले ती हिशेब करूनच.
सरकारचा नियम साधा: उत्तरेच्या या टोकाला राहा,
जिथे झाड धरत नाही आणि डॉक्टर टिकत नाही,
वर्षाकाठी तुमच्या कर्जाचा एक तुकडा आम्ही खोडू.
उरलेलं पगारातून.
पाच वर्षं शिकले होते बर्गनमध्ये. कान, नाद, कंप,
खोलीचं भाडं, जाडजूड पुस्तकं,
आणि एक लाल सायकल,
जी पहिल्याच आठवड्यात चोरीला गेली.
तिचेही हप्ते भरलेच की मी,
दुसरंच कोणी घंटी वाजवत हिंडत असलेल्या सायकलीचे.

एस्किल म्हणाला होता, तीन वर्षं, फार तर चार.
पहिल्या नोव्हेंबरात सूर्य गेला.
दुसऱ्या नोव्हेंबरात एस्किल.
सूर्य जानेवारीत परतला.
किल्ल्यावर तोफ उडाली, पोरांना शाळेची सुट्टी मिळाली.

आई दर रविवारी विचारायची, किती राहिलं?
मी आकडा सांगायचे.
ती तो तापाचा आकडा असल्यासारखा ऐकायची,
'उतरतोय ना, मग झालं.'

कर्जखातं तसं फार सभ्य.
आवाज चढवत नाही, दारात येऊन उभं राहत नाही,
हप्ता चुकला तरी पत्राच्या शेवटी
सस्नेह नमस्कार.

फेडणं म्हणजे काय ते मला
दारामागच्या अरुंद खोलीने शिकवलं.
आधी वाऱ्याचा कोट, मग लोकर, मग आतली लोकर,
एकेक थर फेडत जायचं,
आणि खाली जे अंग उरतं
ते आपलंच ना, हे एकदा चाचपून घ्यायचं.

वजावट माझ्या नावावर पडत राहिली.
पण ओडलाउगने न विचारता
माझ्या दारातलं बर्फ उपसलं, त्या पहाटा?
मी आत पांघरुणात, फावड्याच्या आवाजावरून
बर्फ ओलं की कोरडं ते ओळखत पडलेली.
आणि पायरीवरच्या बादलीतला तो खेकडा,
एक पाय बाहेर काढून हवा मोजणारा?
कोणी ठेवला, अजून कळलेलं नाही.
चौकशी केली तर सगळे खिडकीबाहेर बघतात.

तोरलाईफला चाचणीच्या खोलीत बसवलं.
कानांवर हेडफोन, हातात बटण.
इथलाही नियम साधा: ऐकू आलं की दाबायचं.
काचेच्या अलीकडे बसून मी पत्र उघडलं.

बाकी: शून्य.
पत्ता बदलणार असल्यास कळवावे.
सस्नेह नमस्कार.

दोनदा वाचलं. मग आईचा नंबर काढला,
आणि आज रविवार नाही म्हणून परत ठेवला.

तेवढ्यात बटणाचा दिवा लागला.
मी एकही सूर सोडला नव्हता.
दिवा विझला. पुन्हा लागला.
माइकमधून विचारलं, काय ऐकलंत?
'आले,' तोरलाईफ म्हणाला. 'पक्षी. कड्यावर.
तुला नाही ऐकू येत?'

भिंती हातभर जाड. कडा पाण्यापलीकडे.
मार्चचा पहिला आठवडा.
अशा उत्तरापुढे तक्त्यात फुली मारतात,
पाच वर्षं तेच तर शिकले, उधारीवर.

पेन टेकवलं.
उचललं.
आणि खिडकीची कडी काढायला उठले.