रॉकेलचा वास

देवळाची किल्ली माझ्या कमरेला असते,
बावीस वर्षं झाली.
घंटा मी देते, सतरंज्या मी झटकते,
पाळकसाहेबांच्या घरची भांडीही मीच घासते;
म्हणून उपदेश मला दोनदा ऐकू येतो,
शनिवारी रात्री आरशापुढे,
रविवारी मंडळीपुढे.
शनिवारचा जरा बरा असतो.

खानापुरात, मलप्रभेच्या अलीकडे आमचं देऊळ.
कौलं इथल्याच भट्टीची.
फाटकावर पत्र्याची पाटी,
वर मराठी, खाली कन्नड.
आठची उपासना आमची, दहाची त्यांची,
मधल्या अर्ध्या तासात
गाण्यांच्या वह्या बदलायच्या, बाकं तीच.

मार्चातल्या एका मंगळवारी
कन्नड ओळीवर डांबर.
ओघळलेलं, उन्हानं फुगलेलं.

त्याच सकाळी साहेबांच्या न्हाणीत
मोरीच्या कोपऱ्याला ब्रश,
केस ताठ, काळे.
आणि बादलीत नहूमची पँट, साबणात बुडवलेली.
साहेबांचा एकुलता एक.
मी पँट धुतली.
ब्रश होता तिथंच राहू दिला;
हात पुढे गेला नाही, एवढंच.

दुपारी साहेब न्हाणीत गेले.
बराच वेळ पाण्याचा आवाज नाही.
संध्याकाळी ब्रश नव्हता.

त्या रविवारी उपदेश साक्षीवर होता.
काय बोलले!
हनोख कोलकारांसारखं बोलणं बेळगावपर्यंत कुणाचं नाही.
शेवटी म्हणाले, ज्या कुणा अज्ञात बांधवानं हे केलं
त्याच्यासाठी प्रार्थना करू या.
सगळे आमेन म्हणाले.
मी दाराशी बसते, माझं आमेन रस्त्यापर्यंत गेलं असेल.

दहाच्या उपासनेला देवपुत्रप्पा मादर आले,
टोपी काढून पाटीखाली उभे राहिले
आणि दिसत नसलेली ओळ
हवेत बोट फिरवून वाचली.

तीन शनिवार आरसा गप्प होता.
चौथ्या शनिवारी मी ताटं विसळत होते, साहेब मागे येऊन उभे.
दोर्काबाई, तो ब्रश तुम्ही पाहिला होतात ना?
कसला ब्रश, म्हटलं.
ते हसले, वाईट हसले.
म्हणाले, मग आपण दोघं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला,
वह्या बदलायच्या त्या अर्ध्या तासात,
त्यांनी आमच्या लोकांना जाऊ दिलं नाही
आणि त्यांच्या लोकांना आत बोलावलं.
व्यासपीठावर चढले नाहीत.
आधी कन्नडमध्ये बोलले. त्यांचं कन्नड क्रियापदाशी अडखळतं,
त्या दिवशी प्रत्येक क्रियापदाशी अडखळलं.
मग मराठीत:
माझ्या मुलानं केलं.
मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
ज्या अज्ञात माणसासाठी तुम्ही प्रार्थना करत होतात
तो माझ्या शेजारी बसून जेवत होता.

वचन नाही, आमेन नाही.
कुणाच्या तरी पोरानं वही पाडली, ती कुणी उचलली नाही.

मग स्टूल, रॉकेलची बाटली, माझंच फरशी पुसायचं फडकं.
पांढऱ्या झग्यासकट चढले.
त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, मला माहीत होतं,
मी म्हणेपर्यंत देवपुत्रप्पांनी धरलं.
धरून वर बघत म्हणाले, सावकाश.
हा शब्द त्यांच्यातही हाच, आमच्यातही हाच.
क्षमेचं कुणी काही बोललं नाही.

डांबराबरोबर अक्षरंही निघाली निम्मी.
पाटी अजून तशीच आहे, रंगवायचं कमिटी ठरवते आहे.
आमच्यातली चार घरं आता बेळगावला जातात,
म्हणतात, स्वतःच्या पोराला असं उघडं करतं का कुणी.
नहूम हुबळीला असतो. फोन आईला करतो.

झगा मी तीनदा धुतला, वास जाईना.
साहेब तोच घालून उपदेश करतात,
हल्ली दहाच मिनिटं.

पँटचं मात्र
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
रविवारी घंटा देताना
किल्ली कमरेला टोचते, पूर्वी टोचत नसे.