मसुदा

रेव्हरंड कुकडे म्हणाले, शाळेत मराठी शिकवलंत,
तुम्हीच लिहा आपल्या मंडळीची भूमिका.
ऐक्य सप्ताहाआधी हवी. एक पान, फार तर दीड.
‘संवाद हवा, सरमिसळ नको’
एवढं वाक्य त्यांनी स्वतःच लिहून दिलं,
खाली दोन रेघा.

मी चष्मा पुसत बसले.
छत्तीस वर्षं झाली माथारपाखाडीत येऊन.
माहेर भायखळ्याचं, प्रॉटेस्टंट,
सासर मिस्किटांचं.
नाताळच्या मिस्सेला जाते नवऱ्याबरोबर.
ख्रिस्तशरीर घ्यायला रांग निघाली
की मी बाकावरच.
गुडघे तेवढे बाजूला वळवते,
माणसांना जाता यावं म्हणून.
या गुडघ्यांना कुठल्या परिच्छेदात घालू?

सासूबाई, उर्सुला मिस्किटा,
रात्री खाटेवर बसून प्रभूची प्रार्थना म्हणायच्या.
मीही, मच्छरदाणीचं टोक खोचता खोचता.
वाइटापासून सुटका मागून झाली की त्या थांबत.
आमच्याकडे पुढे अजून एक ओळ असते,
राज्याची, सामर्थ्याची.
ती मी एकटीच म्हणे, हलक्या आवाजात,
पाहुणीनं दुसऱ्यांदा भात मागावा तशी.
त्या डोळे मिटून वाट बघत.
मग आमेन, दोघींचं.
कुठल्याही समितीनं हे ठरवलं नव्हतं.

इस्पितळात एका रात्री दमले होते,
त्यांच्याबरोबरच थांबले.
बराच वेळ आमेन येईना.
त्यांनी एक डोळा उघडला:
“तुजी ओळ रेली गो.”

यासीन परकार बावीस वर्षं
ऐक्य सप्ताहाचा माईक लावतो.
गेल्या वर्षी त्याच्या नव्या पोरानं
लोक बसायला लागले बघून
बटणाकडे हात नेला.
यासीननं मनगट धरलं.
“थांब. अर्धे बसलेत.
अर्ध्यांचं अजून चालू आहे.”
मी तिसऱ्या बाकावर होते,
उभी,
पुढचं म्हणायचं विसरून.

हे सगळं दीड पानात मावत नाही.
लिहिते, खोडते. ‘सरमिसळ’वर
चहाचा एक थेंब पडलाय,
तो काही मुद्दाम नव्हे.

आज सकाळी कुकड्यांचा फोन: झालं का?
म्हटलं, तुमची ओळ आहे.
माझी राहिलीय.