उरलेल्या कॅप्सूल

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
मी उरलेल्या कॅप्सूल मोजते.
निळ्या ट्रेमध्ये बाटली उपडी करायची,
चपट्या चमच्यानं पाचापाचांचे ढीग लावायचे,
मग वहीत आकडा : इतक्या दिल्या, इतक्या परत आल्या.
मधल्या पोटात गेल्या
असं धरून चालायचं.

खाली स्वोल्वेरचं बंदर. जानेवारीत दुपारी दोनलाच
दिवे लागतात.
दोनशे म्हातारी माणसं या प्रयोगात.
निम्म्यांना माशाचं तेल, निम्म्यांना सूर्यफुलाचं,
कुणाला कुठलं, ते त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही.
ऑस्लोतल्या एका संगणकाला ठाऊक आहे
आणि तो बोलत नाही.

आस्लाउग ब्रेवोल, वय एकाहत्तर.
टपालबोटीवर पत्रं लावायची, चौतीस वर्षं.
मी तिला पंधरा शब्द वाचून दाखवते, एका सुरात,
कुठल्याच शब्दावर जोर न देता :
कंदील, गाढव, साबण, पूल…
मग वीस मिनिटं इकडचं तिकडचं,
मग, सांगा बरं काय काय आठवतं.

जानेवारीत सहा.
मार्चमध्ये नऊ.
एप्रिलमध्ये बारा, आणि वर म्हणाली,
‘तुझ्या आवाजाला आज सर्दी आहे.’
मला आनंद व्हायला परवानगी नाही.
तरी संध्याकाळी खालच्या औषधाच्या दुकानातून
मी माझ्यासाठी एक बाटली घेतली,
साडेतीनशे क्रोन,
आणि टेबलाच्या खणात लपवली, चोरून आणल्यासारखी.

मे महिन्यात तिची बाटली भरलेलीच परत.
नव्वदच्या नव्वद.
फॉर्मवर ‘विसरले’ असा एक चौकोन आहे,
माझं पेन तिथवर पोचलं होतं.
‘विसरले कुठं,’ ती म्हणाली. ‘मांजरानं सांगितलं.’

पहिल्याच आठवड्यात एक कॅप्सूल पायाखाली फुटली.
मांजर आलं, हुंगलं,
आणि शेपटी वर करून चालतं झालं.
‘या गावातलं मांजर
माशाच्या तेलाकडे पाठ फिरवत नाही, पोरी.’

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
इथं डोळे मिटलेले आम्ही होतो,
दोन्ही बाजूंनी, लेखी, समितीच्या मंजुरीनं.

आणि आधीच्या बाटल्या? त्या तर रिकाम्या यायच्या.
‘फोडून अंडी तळली. एकटीला तेल लागतं किती?’

मग ते बारा शब्द?

तिनं हातमोजे काढले, मांडीवर ठेवले.
‘तू कंदील म्हणतेस,
मी तो हेनिंग्सव्हेरच्या टोकाच्या घरी टाकते.
गाढव स्क्रोवाच्या दीपगृहवाल्याला.
जन्मभर त्याला नुसती बिलंच आली,
जाऊ दे एक गाढव.
साबण त्या वरच्या पिवळ्या घरातल्या बाईला.
माझ्या चौतीस वर्षांत तिला एकही पत्र आलं नाही.
तिचा खण मी रोज पुसायचे.
आता दर महिन्याला तिला काहीतरी जातं.’

हे कुठं लिहायचं?
फॉर्मवर याला चौकोन नाही.
मी ‘इतर’ वर खूण केली, तारीख घातली, सही केली.
निघताना तिनं विचारलं, पुढचा मंगळवार कधी,
आणि मला तारीख
कॅलेंडरवर बघावी लागली.

रात्री खण उघडून माझी बाटली मोजली.
एकसष्ट उरल्या. किती असायला हव्या होत्या
ते आठवेना.
घरी चालत गेले. मे महिना, अकरा वाजता ऊन.
म्हटलं आपणही करून बघू,
पंधराच तर शब्द, आणि रस्ता रोजचाच.
पहिलं दार हिरवं. इथं कोण राहतं?
दुसरं, पायरीवर तीनचाकी सायकल. कुणाची?
अकरा वर्षं झाली मला या गावात.

तिसऱ्या दारापाशी थांबले,
कंदील अजून हातातच.