पाठमोरा

ओहोटी लागली की उघाडीच्या तोंडाशी
बोकशी उपसायचे गावातले सात जण,
आणि जोमाकाका गोणपाट अंथरून
चिखलाच्या हातांनी वाटे लावायचा.
तेव्हा घणसोलीला खाडी होती, म्हणजे
खरोखर पायापर्यंत होती.

सात जणांचे सात.
एक बोकशीचा, कारण जाळं फाटतं
आणि सुतळी फुकट मिळत नाही.
आणि एक तापाने पडलेल्या धायाचा,
जो त्या दिवशी आलाच नव्हता.
ह्या शेवटच्या वाट्यावर कुणी कधी बोललं नाही.
ताप काय, फिरता असतो.

बोय, खरबी, मूठमूठ कोळंबी.
एका ढिगात लाखेची चिंबोरी,
तर शेजारच्यात तिच्या बदल्यात दोन निवटे जास्त.
काका मागे सरायचा, डोळा बारीक करायचा,
पुन्हा एक कोळंबी इकडची तिकडे.
मग मला हाक.

मी आठ वर्षांचा. माझं काम एवढंच:
खाडीकडे तोंड, माशांकडे पाठ.
काका एका ढिगावर बोट ठेवून विचारायचा,
"यो कोनाचा?"
मी हवेतून एक नाव काढायचो.
धाया. बुधाजी. बोकशी. काका.
बोट कुठं आहे मला दिसत नसे,
नाव कुठलं येणार त्याला ठाऊक नसे.
म्हणून तर मांडायला इतका वेळ लावायचा तो;
सगळ्यात उणा ढीग
त्याच्याच पदरी पडू शकत होता.

मग शेतं गेली, मिठागर गेलं, शहर आलं.
शंभरातले साडेबारा परत मिळाले,
तेही कागदावर, बापाच्या तेराव्यानंतर.
उरलेल्या साडेसत्त्याऐंशींचे वाटे कुणी लावले,
तेव्हा पाठमोरं कोण उभं होतं,
विचारायचं राहून गेलं.

पण ते सरकारचं. हे माझं सांगतो.

दुय्यम निबंधकाची कचेरी, टोकन एकशे बेचाळीस.
आम्ही दोघे भाऊ, तिघी बहिणी.
कॅमेऱ्यामागचा पोरगा प्रत्येकाला म्हणत होता,
समोर बघा. हलू नका.
तिघींनी समोर बघितलं.
हक्कसोडीवर दोघींचे अंगठे, पोशीची सही.
नववी शिकलेली ती. सगळा कागद वाचला तिने,
"राजीखुशीने" ह्या शब्दापाशी जरा थांबली,
माझ्याकडे बघितलं.
मी टोकनांच्या पाटीकडे बघत होतो.

माहेरचं दार उघडं राहावं म्हणून ती सही होती,
हे मलाही कळत होतं, निबंधकालाही.
तिघींना पातळं घेतली, वाशीहून.
चांगली होती पातळं.

चार मजले झाले. मला अडीच फ्लॅट, भावाला अडीच.
अर्धा फ्लॅट म्हणजे काय ते विचारू नका,
त्यावरूनच आम्ही बोलत नाही.

पोशी दिघ्याला भाड्याने राहते.
मार्केटबाहेर, गटाराच्या कडेला,
निळ्या प्लास्टिकवर वाटे लावून बसते, शंभरला एक.
परवा गेलो. मांडत होती.
मागे सरली, डोळा बारीक केला,
एक कोळंबी इकडची तिकडे.
आणि काय झालं मला,
बावन्न वर्षांचा बाप्या मी,
रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो,
तिच्याकडे पाठ.
वाट बघितली.
रिक्षा गेली. पाण्याचा टँकर गेला, गळत.
एक शाळेची व्हॅन.

"तोंड इकरं कर रं," ती म्हणाली,
"गिराईक खोलंबलंय."

शंभराची नोट दिली.
घेतली तिने, घडी घालून कमरेला खोचली.
पिशवीत वाटा ओतला
आणि वर एक बोय टाकली, मोठी,
मी मागितली नव्हती ती.