पाचवी लेन

सोहारच्या मैदानावर दुपारचे चार,
ट्रॅक अजून तव्यासारखा.
सहा कॉलेजं, सहा बसगाड्या,
आणि चुन्याचा डबा ढकलत मी.
पाचवी लेन दरवर्षी किंचित वाकडी जाते.
कोणी बोलत नाही.

इथली पोरं दोनच वर्षांची.
पहिल्या वर्षी बॅटन हातातून निसटतं,
दुसऱ्या वर्षी वळण कळतं,
आणि कळेकळेपर्यंत हातात डिप्लोमा,
बंदरावर नोकरी, नाहीतर स्मेल्टरमध्ये पाळी.
ढालीवर नाव कॉलेजचंच कोरतात.

मुहन्नद गेल्या साली चौथा.
इब्रीच्या पोरानं छातीभर मागे टाकलेला.
आज पाय पुढे करून म्हणाला,
अंकल, नाडी तुम्हीच बांधा,
तुमची गाठ सुटत नाही.
हर्णैची गाठ ती, जाळ्याची.
बापानं शिकवलेली, थपडा खाऊन.
हे त्याला काय सांगणार.

पिस्तूल वाजलं. कुंपणावरची कबुतरं उडाली.
अंगठ्याखाली घड्याळ,
पाचव्या लेनमध्ये मुहन्नद,
वळणावर असा काही झुकला
की मी आकडे बघायचेच विसरलो.

तिसरा आला.
वेळ मी शेजारच्या घड्याळावरून लिहिली.

वाळूत आडवा पडून हसत होता.
म्हणाला, पुढच्या वर्षी बघा...
आणि गप्प झाला.

माझाही व्हिसा दोन वर्षांचाच,
फक्त अकराव्यांदा.
म्हटलं, ऊठ, पोटऱ्या आखडतील.

बूट काढायला बसला.
नाडी सुटेना.
मी गुडघे टेकले.