रेडिओसाठी चोरलेली गाडी

यमुलच्या सायबरात तासाला पंधरा रुपये.
नागेश गाडी चोरायचा, पण कुणाला उडवायचा नाही,
मिशन घ्यायचा नाही.
समुद्राकाठी, गुलाबी दिव्यांच्या हॉटेलासमोर
गाडी लावून नुसता बसायचा.
मी शेजारच्या स्टुलावर, आईला क्लास सांगून आलेली.
हेडफोन एकच. डावा कान त्याचा, उजवा माझा.
बाहेर अशोक चौकात मे महिना,
चपलेला धरून ठेवणारं डांबर.

मागून पोरं ओरडायची, 'ठोक की बे, बघतोस काय!'
नागेश स्टेशन बदलायचा.
एकावर करवतीसारख्या गिटारी,
एकावर कुणीतरी रात्री फार उशिरा
स्वतःलाच समजावत असल्यासारखा गाणारा,
एकावरची भाषा स्पॅनिश, असं यमुल म्हणायचा,
त्यालाही ठाऊक नव्हतं.
सगळी गाणी ऐंशी ते एकोणनव्वदमधली,
आमच्या दोघांच्या जन्माआधीची.
कुठल्यातरी शहराला स्वतःची आठवण येत होती
आणि ती आम्हाला लागत होती,
सर्दीसारखी.

दिवाळीच्या पैशांतून त्यानं अख्खा अल्बम उतरवून आणला.
नव्या पेठेतून, सात डिस्क,
वर निळ्या मार्करनं नुसते आकडे.
चौथी कधी वाजलीच नाही.

घराखालच्या शेडात चार माग. नानांचा कान असा
की तिसऱ्याचा पट्टा जरा सैल झाला
तर पाठमोरे असतानाच उठायचे.
नागेशनं प्लेयर लावला, आवाज पार टोकाला नेला.
नाना आले. वाटलं, बंद करतील.
ते वाकले. स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवलं.

'ढोल वाजवायला माणूस नाही यात.
माणूस असता तर एखाद्या ठोक्याला दमला असता.
जकार्ड आहे हे.
भोकं पाडलेत कुणीतरी, पत्ते ओवून माळ केलीय,
आणि फिरवत बसलंय.'

'ड्रम मशीन म्हणतात,' नागेश म्हणाला.
'तेच की.'

मग विचारलं, साल कुठलं?
चौऱ्याऐंशी.

चौऱ्याऐंशीत नाना सतरा वर्षांचे,
भद्रावती पेठेत मास्तरच्या हाताखाली
मोराचे पत्ते पाडत होते.
एका मोराला बाराशे पत्ते.
डोळ्यात एक भोक चुकलं,
कळेपर्यंत चाळीस चादरी निघून गेलेल्या.
अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.
'असेल की अजून कुणाच्या अंगावर,' म्हणाले,
'तिरळा मोर.'
आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.
आम्ही विचारलंही नव्हतं, ऐंशी साली इथे काय वाजत होतं.

तेवढ्यात लाइट गेली. भारनियमन.
आमचे माग थांबले, मग चिलवेरींचे,
मग बोळातले एकेक,
जसं कुणी मागून येऊन झाकणं लावत जावं.
उरला सेलवरचा प्लेयर.
आम्ही काय ऐकतो ते गल्लीनं पहिल्यांदाच ऐकलं.
समोरच्या ओट्यावर विड्या वळणाऱ्या बायकांनी
कात्र्या खाली ठेवल्या.
राजम्मा म्हणाली, बागुंदि.
मग म्हणाली, पण रडतोय का तो?

नाना रिकाम्या कांडीनं चौकटीवर मोजत होते.
आठ, आठ, आठ, आठ.
पाचव्या फेरीत एक ठोका जास्तीचा पडला
आणि ते अंधारात हसले.
'हं. इथं.
इथं त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली असणार.'

नागेश म्हणाला, नाना, ते मुद्दाम केलंय.
नाना काही बोलले नाहीत.

सेल संपले, गाणं मध्येच तुटलं.
कॅसेटसारखं जड होत होत नाही, एकदम.
रात्री लाइट आली तेव्हा माग पुन्हा बोलू लागले,
आणि मी पाहिलं,
तिसऱ्या मागापाशी त्यांचे ओठ हलत होते,
चार फेऱ्या, मग पाचवीला
एक ठोका जास्त.