मोजलेले नाहीत

दुरसून गेला त्या वर्षी छपराखाली
सालेपच्या नऊ माळा टांगलेल्या होत्या.
दुधात उकळून, दोऱ्यात ओवून
खडखडीत वाळवलेले कंद.
किलोभर व्हायला हजाराच्या वर लागायचे,
म्हणजे हजाराच्या वर फुलं,
पण तेव्हा असा हिशेब कुणी मांडत नसे.
थंडीत इझमीरच्या धक्क्यावर
दालचिनी भुरभुरवून लोक प्यायचे ते,
दोन्ही हातांनी पेला धरून.

रोप उपटलं की खाली दोन कंद निघतात.
एक सुरकुतलेला, फुलाला सगळं देऊन बसलेला.
दुसरा गोरा, गच्च, पुढच्या वर्षाचा.
दुरसूनची आई सांगायची,
गोरा घे, म्हातारी परत लाव,
वर टाचेनं माती दाब.
दुरसून दोन्ही घ्यायचा.
साती पोतं धरून मागे असायची.
मीही काही बोलले नाही,
हे ती आज सांगते, कुणी न विचारता.

डोंगर एका दिवसात रिकामा झाला नाही.
टक्कल पडतं तसा झाला,
आरशात पाहणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळलं.

उरली ती कबरस्तानात.
तिथं कुदळ मारायला कुणाचा हात धजत नाही.
एप्रिलात दुरसूनच्या पायाशी
अकरा तुरे आले, पांढरट, आत जांभळे ठिपके.
साती कमरेवर हात ठेवून म्हणाली,
आता उपट.

शेंगा तपकिरी पडल्या तशी
ती चहाच्या पुड्याचा कागद घेऊन गेली.
बी कसलं, धूळ ती.
एक शिंक आली तर पीक गेलं,
म्हणून नाकाला फडकं.
गव्हाच्या दाण्याला त्याची आई
शिदोरी बांधून देते, हिला काहीच नाही.
मातीत एक बुरशी असते, डोळ्याला न दिसणारी.
ती येऊन भरवील तर ही जगेल.
तेव्हा माती तिथलीच, कबरीजवळची,
पदरात मूठ-मूठ करून आणलेली,
आल्यावर कुणाची तरी माफी मागून चाळलेली.
खत नाही. शेण नाही. राख तर नाहीच.
पाइनचा कुजका पाला, वाळू, चुनखडीची कच,
आणि पांढऱ्या चीजचे रिकामे डबे,
बुडाला खिळ्यानं भोकं पाडून.

उन्हाळ्यात पाणी घालायचं नाही.
वर काही दिसत नाही म्हणजे मेलं असं नाही,
झोपलंय, उठवलंस तर कुजेल.
पाच वेळा सांगितलं नातीला.
तरी हातीजेला कीव आली,
भर जुलैत तिनं तांब्याभर ओतलं.
तो डबा गेला.

पहिल्या वर्षी काही नाही.
दुसऱ्या वर्षी रानडुक्कर आलं,
तीन डबे उलथून नेमकं हुंगत बसलं.
त्याला आपल्याहून जास्त कळतं, साती म्हणाली,
आणि त्या रात्री पहिल्यांदा तिला नीट झोप लागली.
कृषी खात्याचा पोरगा डोकावला,
मावशी, हे गवत आहे.
गवतच होतं.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या गारठ्यात
एका डब्याच्या कडेला
तान्ह्याच्या करंगळीच्या नखाएवढं पान.
गवताहून चकचकीत, गवताहून लाजरं.
तिनं कुणाला सांगितलं नाही.
शेळीच्या भीतीनं वर गाळणी पालथी घातली
आणि चहा न गाळताच प्यायली, आठवडाभर.

फूल यायला अजून दोन वर्षं, कदाचित तीन.
साती एकाहत्तर वर्षांची आहे.

परवा नेजमी व्यापारी आला,
ऑलिव्हचा भाव बोलता बोलता मान लांबवून:
ऐकलं ते खरं का? किती आहेत?
मोजलेले नाहीत, साती म्हणाली
आणि दारात त्याच्या आड उभी राहिली.

रोज मोजते. पहाटे, चूल पेटवायच्या आधी,
बोटानं नाही, नजरेनं.
आज सतरा.
काल सोळा होते.